वॉकिंग बूट डाव्या पायात, आणि ठणकतोय उजवा खुबा

अबोली_७ | सोमवार, रात्री ९.१०

डाव्या पावलातलं करंगळीच्या रेषेतलं हाड मोडलं, पाचवं मेटाटार्सल. शस्त्रक्रिया लागली नाही. गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा, वेल्क्रोच्या पट्ट्यांचा वॉकिंग बूट दिलाय सहा आठवड्यांसाठी. बुटात पाय टेकून चालायला पहिल्या दिवसापासून परवानगी होती, त्यामुळे घरातलं सगळं करतेय.

आज चार आठवडे झाले. मोडलेलं पाऊल आता जवळजवळ दुखत नाही. पण दहा-बारा दिवसांपासून उजवा खुबा बाहेरच्या अंगाने ठणकतोय. त्या कुशीवर झोपता येत नाही. संध्याकाळ झाली की कंबर धरते, तीही डावीकडून. पडले तेव्हा तिथे मार बसला असेल असंच मी धरून चालले होते.

परवा नातीने डोळे उघडले. चार वर्षांची आहे. मी खोलीतून बाहेर येत होते, सगळे माझ्या मागे बघून हसायला लागले. वळून पाहिलं तर ती माझ्यामागून माझी चाल करत येत होती. डावा गुडघा ताठ, पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे आणायचा, तेवढ्यात सगळं अंग उजवीकडे कलंडवायचं, मग डाव्या पायावर उंच व्हायचं आणि उजव्यावर धप्पकन उतरायचं. तिने इतकं हुबेहूब केलं की मी तिला तीन वेळा करायला लावलं. मी अशी चालतेय हे मला चार आठवडे कळलंच नव्हतं.

बुटामुळे दुसऱ्या बाजूला असं दुखणं कुणाला झालंय का? अजून दोन आठवडे काढायचेत. तोवर काही करता येतं, की सोसायचं?

पायवाट | सोमवार, रात्री ९.३२

अगदी हेच. माझा उजवा पाय बुटात होता आणि डावा गुडघा बोलायला लागला होता. बूट सुटल्यावर महिनाभरात थांबलं. काळजी घ्या ताई.

दगडफूल | सोमवार, रात्री १०.०५

माझं मत थोडं वेगळं आहे. सहा आठवडे म्हणजे फार नाही. शरीर जुळवून घेतं. जन्मभर एक पाय आखूड असलेली माणसं कामं करतात, डोंगर चढतात. दोन आठवड्यांसाठी नवीन उपाय शोधत बसण्यापेक्षा चालणं कमी करा, खुब्याला शेक द्या. मुख्य हाड जुळतंय ना, ते महत्त्वाचं.

फिजिओ_मुक्ता | सोमवार, रात्री ११.२०

अबोलीताई, तुमच्या नातीने जे दाखवलं ते आम्ही पेशंटला समजावून सांगायला अर्धा तास घालवतो. तिला शाबासकी द्या.

दगडफूल, तुमच्याशी असहमत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साधं चालणं घ्या. एक पाय टेकल्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंतच्या वेळेत तो सुमारे ६० टक्के काळ जमिनीवर आणि ४० टक्के काळ हवेत असतो. जमिनीवर असताना पाऊल स्वस्थ नसतं. टाच टेकते, तळवा उतरतो, मग पाऊल जागेवर राहून नडगी त्याच्यावरून पुढे झुकते. तेव्हा घोटा साधारण १० अंश वाकतो. शेवटी टाच सुटते, पोटरी आवळते आणि चवडा जमिनीला रेटा देतो. आपल्याला पुढे ढकलायचं मोठं काम या शेवटच्या रेट्याचं.

बूट घोट्याला काटकोनात जखडून ठेवतो. त्यासाठीच तो असतो. मग नडगी पुढे झुकणार कशी? म्हणून बुटाचा तळ होडीसारखा गोल केलेला असतो. घोटा वाकत नाही, त्याऐवजी अख्खा पाय त्या गोलाईवरून पुढे लोळतो. चवड्यावर येणारा दाब त्यामुळे खूप कमी होतो आणि मोडलेलं हाड वाचतं. पण पोटरीचा रेटा गेला तो गेलाच. तो पाय आता मागून ढकलला जात नाही, वरून, खुब्यातून ओढून पुढे न्यावा लागतो. त्यात उंच बुटाचं वजन किलोच्या आसपास किंवा जास्त, तेही पायाच्या पार टोकाला. पावलं आखूड पडतात, चाल मंदावते, आणि तेवढंच अंतर कापायला दम जास्त लागतो.

आता तुमच्या खुब्याचं. बुटाचा तळ जाड असतो, दोन-तीन सेंटिमीटर किंवा थोडा जास्तच. घरात दुसरं पाऊल अनवाणी असेल तर डावा पाय तेवढ्याने लांब झाला. लांब झालेला पाय पुढे नेताना जमिनीला घासतो. घासू नये म्हणून तुम्ही दोन गोष्टी करता. एक, पाय बाहेरून फिरवता. दोन, कमरेची डावी बाजू वर उचलता. ती उचलायचं काम कोण करतं? डावीकडचे कमरेचे स्नायू आणि *उजव्या* खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू, कारण त्या क्षणी सगळं शरीर उजव्या पायावर तोललेलं असतं. दर पावलाला हे दोघे जास्तीची हमाली करतात. आणि नेमके तेच दोघे तुमच्याकडे तक्रार करताहेत: उजवा खुबा आणि कमरेची डावी बाजू. तरी आधी पडल्याचा मार आहे का, हे डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या.

जन्मापासून थोडा फरक असलेल्या माणसाचा मणका, खुबा, स्नायू वर्षानुवर्षं त्या फरकासोबत वाढलेले असतात. तुमचा फरक एका दुपारी आला. ही तुलना मला म्हणूनच पटत नाही.

उपाय साधा आहे. उजवा पाय बुटाइतका उंच करा. जाड तळाचा बूट घाला, घरातसुद्धा. नेहमीच्या बुटाला खालून पट्ट्याने अडकवायचा रबरी थरही मिळतो. आणि काठी घेत असाल तर ती उजव्या हातात.

अबोली_७ | मंगळवार, सकाळी ७.४५

मुक्ता, काठी मी डाव्या हातात धरते! दुखऱ्या पायाच्या बाजूला आधार हवा ना?

फिजिओ_मुक्ता | मंगळवार, सकाळी ८.३०

नाही. चालताना डाव्या पायासोबत उजवा हात पुढे जातो. काठी उजव्या हातात असली की ती बुटासोबत टेकते, आणि डाव्या पायावर उभं असताना भार दोन ठिकाणी वाटला जातो. डाव्या हातात धरली की तुम्ही त्याच बाजूला आणखी कलता. जिन्यावर मात्र चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी बूट.

तिरपी_रेघ | मंगळवार, दुपारी १.१५

माझा अनुभव यापेक्षा पार उलटा आहे, म्हणून लिहितो.

लहानपणी माझं डाव्या मांडीचं हाड मोडलं आणि जुळताना जरा आखूड जुळलं. तेव्हापासून डावा पाय उजव्यापेक्षा सुमारे दोन सेंटिमीटर कमी. लंगडतो असं कुणाच्या फारसं लक्षात येत नाही. कंबर मात्र तिशीपासून रोज दुखायची. बसून काम आहे, वय वाढतंय, अशी कारणं मी स्वतःला देत आलो.

दोन वर्षांपूर्वी डाव्या घोट्याचे लिगामेंट फाटले आणि बूट आला. पहिले तीन दिवस विचित्र गेले. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी उठून दात घासायला उभा राहिलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आरशासमोर तसाच उभा राहिलो. हळूहळू लक्षात आलं की मी बेसिनला टेकलेलो नाही. इतकी वर्षं दात घासताना मी डावा हात बेसिनवर रोवून उभा राहायचो. का, ते कधी विचारलं नव्हतं. आणि कंबर दुखत नव्हती.

सहा आठवडे नाही दुखली. बूट निघाला आणि आठवडाभरात दुखणं जागेवर हजर. मग डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी उभ्याने एक्स-रे काढून दोन्ही पाय मोजले. आता माझ्या डाव्या बुटाच्या तळाला १२ मिलिमीटरचा थर लावलेला असतो. सगळा फरक भरला नाही, अर्ध्याहून थोडा जास्तच, आणि तोही टप्प्याटप्प्याने. कंबर अधूनमधून दुखते, रोज नाही.

तेव्हा दगडफूल, 'जन्मभर आखूड पाय असलेली माणसं जुळवून घेतात' हे खरं आहे. मीही जुळवून घेतलं होतं, बेसिनला धरून.

दगडफूल | मंगळवार, दुपारी २.४०

तिरपी_रेघ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं मत अर्धं मागे घेतो. माझ्या भावाच्या वेळी आम्ही 'होईल सवय' म्हणत राहिलो होतो आणि त्याची पाठ बूट सुटल्यावरही बरेच दिवस दुखत होती. त्याचा आणि बुटाचा संबंध तेव्हा कुणी लावला नाही.

शब्दवेडा | मंगळवार, रात्री ८.०५

अवांतर, पण राहवत नाही. चालीसाठी आपल्याकडे किती शब्द आहेत! लंगडणं वेगळं, खुरडणं वेगळं, पाय फरपटणं वेगळं, झोकांड्या खाणं वेगळं. फेंगडे पाय, फताडे पाय. प्रत्येकात नेमकं काय बिघडलंय ते दिसतं. पण अबोलीताईंच्या नातीने केलं त्या 'पाय बाहेरून फिरवून आणण्याला' मला एक शब्द सापडत नाहीये. कुणाला ठाऊक आहे?

पायवाट | मंगळवार, रात्री ८.२०

आमची आजी 'विळा मारत चालणं' म्हणायची. विळ्यासारखा पाय फिरतो म्हणून. तिच्याशिवाय कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

शब्दवेडा | मंगळवार, रात्री ८.२६

विळा मारत! व्वा. वहीत लिहून घेतला.

पुनर्वसू | मंगळवार, रात्री १०.५०

माझा टाचेचा स्नायुबंध, अकिलीस, तुटला होता. त्यात बुटाच्या आत टाचेखाली पाचरी घालतात, म्हणजे पाऊल खाली झुकलेलं राहतं आणि तुटलेली टोकं जवळ येतात. माझ्याकडे तीन पाचरी होत्या. म्हणजे आधीच उंच बूट, वर तीन पाचरी. दुसऱ्या पायात मी घरातली पातळ सपाता घालून फिरत होतो. जिना उतरताना वाटायचं आपण एका बाजूला पडणार.

ठरलेल्या अंतराने एकेक पाचर काढत नेली. प्रत्येक पाचर निघाली की दोन दिवस चाल नव्याने शिकावी लागायची. दर वेळी उंची बदलते हे आधी कळलं असतं तर दुसऱ्या पायाचा थरही त्याप्रमाणे बदलला असता. ज्यांना पाचरी दिल्यात त्यांनी हे डॉक्टरांना जरूर विचारा.

कोवळं_ऊन | बुधवार, सकाळी ९.१०

एवढा त्रास होतो तर घरात बूट काढून ठेवा ना. मी तसंच करायचे. बाहेर पडताना फक्त घालायचे. घरात चार पावलं तर चालायची असतात.

रानजाई | बुधवार, सकाळी १०.००

कोवळं_ऊन, कृपा करून असं कुणाला सांगू नका. हे मी कळकळीने लिहितेय.

माझ्या वडिलांना मधुमेह आहे, पावलांची संवेदना जवळजवळ गेलेली. चवड्याखाली जखम झाली म्हणून असाच बूट दिला होता. ते घरात काढून ठेवायचे. रात्री उठले की अनवाणी, कपाट उघडायला अनवाणी, दार उघडायला अनवाणी. त्यांना दुखतच नव्हतं, तर बूट कशाला, असं त्यांचं म्हणणं. जखम दोन महिने हलली नाही. आम्ही औषधांना दोष देत होतो.

शेवटी नवीन डॉक्टरांनी वडिलांना बूट घालून त्यावरून प्लास्टरसारखी फायबरग्लासची पट्टी गुंडाळली, म्हणजे काढताच येऊ नये. वडील फार चिडले. दर आठवड्याला पट्टी कापून जखम बघायची, पुन्हा गुंडाळायची. पाचव्या आठवड्यात जखम भरलेली दिसली. बूट तोच, औषधं तीच. फरक फक्त बूट पायात राहण्याचा.

त्या डॉक्टरांनी सांगितलेला एक आकडा मी विसरत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांच्या कमरेला आणि बुटाला वेगवेगळे पाऊलमोजणी यंत्र लावले होते. दिवसभरातल्या एकूण पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलं बूट घालून पडली होती. तुमची 'घरातली चार पावलं' मोजली की बाकीची ७२ टक्के तिथे सापडतात.

फिजिओ_मुक्ता | बुधवार, सकाळी ११.१५

रानजाईशी शंभर टक्के सहमत. संवेदना गेलेल्या पावलात दुखणं हा पहारेकरीच नसतो. पॉल ब्रँड या शल्यविशारदांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना हेच ओळखलं होतं: बोटं, पावलं रोगाने झडत नाहीत, वेदना न कळल्यामुळे नकळत होणाऱ्या इजांनी झिजतात.

हाड मोडलेल्यांनीही बूट कधी काढायचा हे डॉक्टरांनाच विचारावं. काहींना झोपताना आणि आंघोळीला काढायची मुभा असते, काहींना तीही नसते.

आणखी एक, कारण इथे कुणी लिहिलं नाही. उंच बुटाची वरची कड गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे हाडाचा गोटा हाताला लागतो, तिथे रुतता कामा नये. त्या गोट्याला वळसा घालून एक नस अगदी कातडीखालून जाते. ती दबली तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, अंगठा वर उचलायला जड जातं. असं झालं तर वाट बघू नका, लगेच दाखवा. पोटरी सुजली, गरम वाटली, नेहमीपेक्षा वेगळी दुखली तर तेही त्याच दिवशी, कारण पोटरी हलत नसल्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो.

कोवळं_ऊन | बुधवार, दुपारी १२.३०

रानजाई, मला हे माहीत नव्हतं. माझं वाक्य मागे घेते. वडील आता बरे आहेत ना?

रानजाई | बुधवार, दुपारी १.०५

हो, बरे आहेत. आता रोज रात्री आरसा धरून स्वतःचे तळवे बघतात.

अबोली_७ | बुधवार, रात्री ९.४०

सगळे प्रतिसाद वाचले, घरात मोठ्याने वाचूनही दाखवले. आज एक प्रयोग केला तो सांगते.

आरशासमोर बूट घालून उभी राहिले. कमरेला ओढणी घट्ट बांधली, दोन्हीकडच्या हाडांच्या बरोबर वरून. ओढणीची रेघ डावीकडे वर चढलेली, उजवा खांदा मात्र डाव्यापेक्षा वर. म्हणजे कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे, मध्ये पाठ वाकलेली. मग उजव्या पायाखाली नातीची चित्रांची पुस्तकं एकेक करून सरकवत गेलो. ती सांगत होती, 'अजून एक, अजून एक.' चार पुस्तकांवर ओढणी सरळ झाली. पट्टीने मोजलं, २.८ सेंटिमीटर. तिथे उभी राहिले आणि कंबर आपोआप सैल पडली. चार आठवड्यांत पहिल्यांदा.

मुलाने जाड तळाचे बूट काढून दिले. ते २ सेंटिमीटर भरतात, बाकीच्यासाठी पट्ट्याचा थर मागवलाय. काठी उजव्या हातात घेतली. दोन्ही हात सारखे गोंधळताहेत, पण बूट टेकतानाचा तो धप्प आवाज कमी झालाय.

नवखा_०२ | बुधवार, रात्री १०.१५

वाचनखूण साठवली. परवा मला बूट मिळणार आहे. पुस्तकं आत्ताच काढून ठेवतो.

पुनर्वसू | गुरुवार, सकाळी ७.२०

ताई, बूट निघेल त्या दिवसाबद्दलही थोडं. मला वाटलं होतं बूट काढला की चालायला लागू. पहिल्या सकाळी घोटा लाकडाचा झाला होता. टेपने मोजलं तर त्या बाजूची पोटरी दुसरीपेक्षा अडीच सेंटिमीटर बारीक. आणि सगळ्यात नवल म्हणजे साधा बूट घालूनही मी पाय फिरवूनच टाकत होतो. उंची गेली, चाल राहिली. मुद्दाम टाच-तळवा-चवडा असं मनात म्हणत चालावं लागलं, तीन आठवडे. एका पायावर उभं राहून टाच उचलणं तर मला चार महिन्यांनी जमलं. अकिलीस होता म्हणून इतका वेळ, तुम्हाला कमी लागेल.

अबोली_७ | तीन आठवड्यांनंतर

धागा वर काढतेय.

बूट निघून आठ दिवस झाले. एक्स-रेत हाड नीट जुळलेलं दिसतंय. पडल्याचा मार नव्हता, डॉक्टरांनी खुबा दाबून, फिरवून बघितला. दुसऱ्या पायाची उंची भरल्यापासून खुब्याचं दुखणं चार-पाच दिवसांत निम्म्यावर आलं. आता त्या कुशीवर झोपते. कंबर अजून संध्याकाळी कुरकुरते.

पुनर्वसू, तुम्ही लिहिलं तसंच झालं. पहिल्या दिवशी पाय विळा मारतच होता. फिजिओंनी भिंतीशी उभं करून गुडघा भिंतीला टेकवायला सांगितला, टाच न उचलता. उजव्या पायाने अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर ठेवून जमलं. डाव्याने तीनवर अडकलं. आज पाचवर आलंय. रोज पट्टी ठेवून मोजतो, नात पेन्सिलने फरशीवर खूण करते.

तिला आता माझी नवी चाल करून दाखव म्हटलं. ती जरा वेळ माझ्या मागे चालली आणि म्हणाली, 'आजी, यात करायला काही नाही.'

पायवाट | त्याच दिवशी, रात्री

ताई, हे वाचून फार बरं वाटलं. दहावर पोचलात की इथे नक्की कळवा.